नाबरसरांचा पंचम

"थांबा," हेडमास्तर नाबरसर माइकवर म्हणाले. "आज आपल्या शाळेत संगीताच्या नव्या बाई आल्या आहेत. त्यांना नीट ऐकू गेलं पाहिजे. प्रार्थना जोरात होऊ दे."

आणि त्यांनी स्वतःच सुरुवात केली.

मी पेटीच्या भात्यावर हात ठेवून तयार होते. सर कुठली पट्टी धरतात ते पाहायचं आणि साथ करायची, एवढाच माझा विचार. पहिल्या शब्दाला वाटलं, पांढरी दोन. मी पांढरी दोन धरली, तोवर सर तिथून उठून पुढे गेले होते. मी काळी दोनवर पोचले, तर ते तिथेही नव्हते. सुटलेल्या एस.टी.च्या मागे पिशवी सांभाळत धावावं तशी मी पेटीवरून त्यांच्यामागे धावत होते आणि दर वळणावर गाडी थोडक्यात चुकत होती.

प्रार्थना शाळेच्या संस्थापकांनीच लिहिलेली. 'उजेड दे, उजेड दे, आम्हा दिशादिशांतुनी' अशी साधी, सरळ. चालही भूपातली, म्हणजे लहान मुलाला झोपेतसुद्धा जमावी अशी. तिसऱ्या ओळीच्या शेवटी पंचमावर थोडा मुक्काम होता. तिथे नाबरसरांनी डोळे मिटले, मान वर केली आणि जो सूर लावला तो पेटीवर नव्हताच. तीव्र मध्यम आणि पंचम यांच्यामध्ये जी ओसाड जागा असते, जिथे कुणी घर बांधत नाही, तिथे त्यांनी तंबू ठोकला आणि चांगला दम घेऊन राहिले.

खरी मौज पुढेच होती. मैदानावरची चारशे पोरं त्यांच्यामागे त्याच ओसाड जागेत शिरली. पाचवीपासून दहावीपर्यंत सगळी, गळ्याच्या शिरा ताणून. मागच्या माडांवरचे कावळे उडाले. मी पेटीवरचे हात काढून घेतले आणि नमस्कार केल्यासारखे जोडून उभी राहिले.

"कशी झाली?" सरांनी नंतर विचारलं.

"जोरात झाली सर," मी म्हणाले. खोटं बोलायचं नव्हतं.

त्यांनी समाधानाने मान हलवली.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. मी हेमलता कुर्डुकर, मिरजेची, वय तेवीस, विशारद होऊन वर्ष झालेलं. कोकणात कुडाळपासून आत, आंबेखोल नावाच्या गावातल्या हायस्कूलला संगीत शिक्षिका हवी होती. मी मुलाखतीला गेले आणि माझी निवड झाली. दुसरं कुणी आलंच नव्हतं. मुलाखत घेतली संस्थेचे अध्यक्ष सामंतसाहेबांनी. ते फार थोडं बोलत.

"जागा एका वर्षाची आहे," ते म्हणाले. "डिसेंबरात शाळेचा रौप्यमहोत्सव. मुंबईहून मोठी माणसं येतील. तोवर आमची प्रार्थना सुरात आणा. आणलीत तर जागा कायम. नाही आणलीत तर ती आम्ही विज्ञानाला देऊ, त्यांची कधीची मागणी आहे."

"प्रार्थना सुरात नाही का?"

"तुम्ही ऐकालच," असं म्हणून त्यांनी चहा मागवला.

ऐकल्यावर कळलं. पोरांचे गळे चांगले होते. उलट समुद्राकडच्या वाऱ्यावर वाढलेले ते गळे ऐकून मला मिरजेतले माझे शिष्य फिके वाटले. अडचण एकच होती आणि ती माइकसमोर उभी असे.

मधल्या सुट्टीत मी पेडणेकरबाईंना गाठलं. त्या मराठी शिकवत, शाळेत माझ्याहून पंधरा वर्षांनी जुन्या. डब्यातली सोलकढी त्यांनी मला पेल्यात ओतून दिली.

"बाई, सरांना कुणी कधी सांगितलं नाही का?"

"काय?"

"की ते जरा..."

"जरा काय?" त्यांनी मिशीला पीळ दिल्यासारखा पदर सावरला आणि गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच हसायला लागल्या. "हेमलता, हे बघ. हा माणूस पावसाळ्यात छत्री घेऊन घरोघर फिरतो, कुणाची पोर शाळेत आली नाही म्हणून. माझं बाळंतपण होतं तेव्हा माझे वर्ग त्यांनी घेतले. त्यांना बेसूर म्हणायला जीभ कशी वळेल? तुझी वळते का बघ."

माझीही वळली नाही. सहा फूट उंच, पांढरा लेंगा, खादीचा सदरा, आणि समोर आलं की आधी आपल्या घरच्यांची विचारपूस करणारा माणूस. त्याला तेवीस वर्षांच्या पोरीने जाऊन काय सांगायचं?

सांगता येत नाही म्हटल्यावर कावा करणं आलं.

पहिला कावा मी एकटीने केला. प्रार्थनेआधी पेटीवर सूर देताना काळी पाचचा दिला. एवढ्या वरच्या पट्टीत सरांचा गळा चढणार नाही, ते आपोआप गप्प होतील आणि मग मी मुलांना घेऊन पुढे जाईन, असा हिशोब. सरांनी माझ्या सुराकडे प्रेमाने पाहिलं, मान डोलावली आणि आपल्या नेहमीच्या जागेवरून सुरू केलं. मी वर आणि शाळा खाली. शेवटपर्यंत आमची भेट झाली नाही.

दुसऱ्या वेळी मी जयरामला कटात घेतलं. जयराम शाळेचा शिपाई. माइकची घडण आणि बिघडण दोन्ही त्याच्या ताब्यात.

"माइक दोन दिवस आजारी पडेल का?" मी विचारलं.

"पडात की," तो म्हणाला. "पण बाई, तुमका वाटता तसा होवचा नाय."

झालं ते त्याच्या म्हणण्याप्रमाणेच. माइक बंद आहे म्हटल्यावर सर ओट्यावरून दोन पायऱ्या खाली मुलांत उतरले, हात तोंडाशी धरले आणि माइक असतानाच्या दुप्पट आवाजात गायले. रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीवाल्याने दुपारी येऊन विचारलं, शाळेत काही झालं का म्हणून. जयरामने तिसऱ्या दिवशी माइक आपणहून बरा केला.

तेव्हा मला शालन गावडे भेटली. म्हणजे ती माझ्या नववीच्या वर्गात पहिल्या दिवसापासून होती, पण भेटली त्या दिवशी. ठेंगणी, काळीसावळी, डोळ्यांत सतत कसलातरी बेत शिजत असलेली मुलगी. आजोबा भजनी बुवा, त्यामुळे गळा तयार. तास संपल्यावर ती पेटी कपाटात ठेवायला मदत करण्याच्या निमित्ताने रेंगाळली.

"बाई, माइक तुम्हीच बंद पाडूक सांगल्यात मां?"

"कुणी सांगितलं तुला?"

"कोणी सांगूक कित्याक होया? तुम्ही पेटीवर बसान जयरामकाकांकडे बघी होतात, नि जयरामकाका आभाळाकडे." तिने कपाटाची कडी लावली. "बाई, आमच्या वाडीच्या नाटकात ज्येका गावूक येत नाय, तेका काय करतत म्हायत आसा?"

"काय करतात?"

"राजा करतत. राजान मधे बसाचा, डोळे वटारूचे आणि बाकीच्यांची गाणी आयकाची. तो खूश, लोक खूश."

मी तिच्याकडे बघत राहिले. एवढं शिक्षण घेऊन मला जे सुचलं नव्हतं ते या पोरीने कडी लावता लावता सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या खोलीत गेले. प्रार्थनेची आंतरवर्गीय स्पर्धा घ्यावी, असं सुचवलं. रोज प्रार्थनेच्या वेळी प्रत्येक वर्गाचं गाणं नीट ऐकायचं आणि शनिवारी उत्तम वर्गाला एक केशरी निशाण द्यायचं. ते निशाण आठवडाभर त्या वर्गाच्या दारावर लागेल.

"चांगली कल्पना आहे," सर म्हणाले. "परीक्षक कोण?"

"दुसरं कोण असणार सर? मुलांना धाक तुमचाच. फक्त परीक्षकाला रांगांमधून फिरावं लागेल. आणि परीक्षकाने स्वतः गायचं नसतं, नाहीतर त्याला मुलांचं ऐकू येत नाही."

सरांनी चष्मा काढला, काचा सदऱ्याच्या टोकाने पुसल्या, पुन्हा घातला. त्या काचांमागून ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होते, असं मला तेव्हा वाटलं. मग म्हणाले, "बरोबर आहे. मग माइकवर कोण?"

"नववीतल्या चार मुली. शालन गावडे पुढे."

"होऊ दे."

इतकं सोपं. बाहेर आले तर शालन व्हरांड्यात खांबाआड उभी होती. मी डोळे वटारले. ती तोंडावर हात दाबून पळाली.

त्या सोमवारपासून आंबेखोल हायस्कूलची प्रार्थना बदलली. चार मुली माइकवर, पेटी माझी, आणि नाबरसर हात पाठीमागे बांधून, ओठ घट्ट मिटून रांगांमधून फिरत आहेत. पंचम पंचमावर लागला. पहिल्या दिवशी तो तसा लागला तेव्हा पेडणेकरबाईंनी ओट्यावरून माझ्याकडे पाहून एक भुवई उंचावली. मला तर त्या सुरावरून खाली उतरूच नये असं झालं.

गणपती झाले, सहामाही झाली, दिवाळी झाली. केशरी निशाण या वर्गाच्या दारावरून त्या वर्गाच्या दारावर फिरत होतं आणि प्रार्थना दिवसेंदिवस रेशमासारखी होत चालली होती. चारशे मुलांचा आवाज इतका मऊ कसा झाला याचं मलाच नवल वाटे. माझी शिकवण, दुसरं काय, असं मी मनाशी म्हणे.

रौप्यमहोत्सवाच्या दिवशी मैदानावर मांडव. मुंबईचे पाहुणे, कुडाळ-सावंतवाडीचे प्रतिष्ठित, शाळेतून आजवर बाहेर पडलेली माणसं, कुणी बायकापोरांसह. सामंतसाहेब कोट घालून मधल्या खुर्चीत. मी शालन आणि तिच्या मैत्रिणींना खडीसाखर वाटली आणि पेटीचा भाता उघडला.

प्रार्थना झाली. तशी ती पुन्हा कधी झाली नसेल. शेवटची ओळ विरली. मग पहिल्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या आणि मागेपर्यंत गेल्या. सामंतसाहेबसुद्धा टाळ्या वाजवत होते. वाजवता वाजवता माझ्याकडे वळून त्यांनी फक्त दोन शब्द उच्चारले. आवाज ऐकू आला नाही, पण ओठांवरून मला कळलं: "जागा कायम."

मी नाबरसरांकडे पाहिलं. ते मांडवाच्या कडेला उभे होते. टाळ्या वाजवत नव्हते. जयराम त्यांच्या शेजारी होता आणि त्याने नंतर मला सांगितलं की सर एवढंच म्हणाले, "जयराम, प्रार्थनेला टाळ्या पडल्या."

"मगे? बरा झाला मां?" जयरामने विचारलं.

सर चष्मा पुसत बाजूला गेले म्हणे.

जेवणं आटोपल्यावर मी पेटी ठेवायला निघाले, तर शाळेमागच्या फणसाखाली माजी विद्यार्थ्यांचा घोळका बसलेला. पानसुपारी चाललेली. एकाने मला हाक मारली.

"बाई, तुम्हीच का संगीताच्या? सकाळची प्रार्थना छान झाली. पण नाबरसर का गायले नाहीत? आम्ही मुद्दाम त्यासाठी आलो होतो."

"सर आता परीक्षक आहेत," मी म्हणाले.

ते सगळे एकमेकांकडे बघून हसले. मग एक लठ्ठ गृहस्थ, बँकेत कुठेतरी अधिकारी होते ते, म्हणाले, "म्हणजे तो पंचम आता ऐकायला मिळणार नाही?" आणि त्यांनी डोळे मिटले, मान वर केली आणि थेट त्याच ओसाड जागेत जाऊन तंबू ठोकला. बाकीचे त्यांच्यामागे. वीस-पंचवीस माणसं, कुणी शिक्षक, कुणी ट्रकवाला, दोघी-तिघी पोरं कडेवर घेतलेल्या, सगळी 'उजेड दे' म्हणायला लागली आणि प्रत्येक वळणावर सरांच्या इतकीच, अगदी तंतोतंत, चुकली. अशी एकजुटीची चूक मी जन्मात ऐकली नव्हती. मला हसू आवरेना. त्यांनाही आवरत नव्हतं.

हसून झाल्यावर एकजण माझ्या पेटीचं दुसरं टोक धरून माझ्याबरोबर निघाला. अच्युत मडवळ नाव, कुडाळच्या कोर्टात वकिली करत होता.

"बाई, मी लहानपणी अडखळायचो," तो म्हणाला. "दोन शब्द सलग यायचे नाहीत. वर्गात तोंड उघडलं की पोरं हसायची. सातवीपर्यंत मी शाळेत फक्त एकाच वेळी बोललो. सकाळी, प्रार्थनेला."

"तेव्हा अडखळत नव्हतात?"

"अडखळत असेन. पण सरांच्या आवाजाखाली कुणाला काय कळतंय? तिथे कुणाचाच सूर लागत नसे, त्यामुळे कुणाचा चुकतही नसे. तो एक आडोसा होता." पेटी त्याने अलगद ओट्यावर ठेवली. "आता कोर्टात इतकं बोलतो की न्यायाधीश बसा म्हणतात."

तो हसून निघून गेला. मला तेव्हा ते फक्त गोड वाटलं. टोचलं सोमवारी.

सोमवारी मी पेटी वाजवता वाजवता पहिल्यांदा रांगांकडे नीट पाहिलं. एरवी माझं लक्ष सुरांकडे असे, चेहऱ्यांकडे नसे. पाचवीच्या रांगेत दोन वेण्यांची एक चिमुरडी होती, मुक्ता नावाची. तिचे ओठ हलत होते, पण गळा हलत नव्हता. तिच्या शेजारचीचाही नाही. मी सहावी पाहिली, सातवी पाहिली. निम्म्याहून अधिक पोरं मासळीसारखी नुसती तोंडं उघडत-मिटत होती. आवाज होता तो चार मुलींचा आणि दर वर्गातल्या पाचसहा जणांचा. तो रेशमी मऊपणा म्हणजे हे होतं.

प्रार्थना संपल्यावर मुक्ताला जवळ बोलावलं.

"तू प्रार्थना का म्हणत नाहीस ग?"

"म्हणतंय मी," ती म्हणाली.

"खरं सांग."

तिने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. "मॉनिटरान सांगल्यान, तुझो आवाज फुटको आसा, तू नुसता तोंड हलय. नायतर आमचा निशाण जातला."

"कधीपासून?"

"निशाण इला तेव्हापासून."

मी तिला पुढ्यात घेतलं. तिच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधून दिली आणि वर्गात पाठवलं.

दुपारी शालनला बोलावलं. तिला ते कधीच माहीत होतं. म्हणाली, "आमच्या वर्गात सातजणांका बंदी आसा." तिच्या चेहऱ्यावर नेहमीचा बेत शिजत नव्हता.

"राजाला आता सिंहासनावरून उठवायचा कसा?" मी विचारलं.

"ता अवघड," ती म्हणाली. "राजा केल्लो माणूस सोताहून उठणा नाय." मग थोडा विचार करून म्हणाली, "पण नाटकात सगळेच नट आजारी पडले, तर राजाक गावचाच लागतला."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेची घंटा झाली. सर ओट्यावरून पाऊल उचलणार, एवढ्यात शालन आणि तिच्या तिन्ही मैत्रिणी गळ्याला मफलर गुंडाळून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. डिसेंबर असला तरी कोकणातला. मफलर कुठून पैदा केले देव जाणे.

"सर," शालन हवेतल्या हवेत कुजबुजली, "घसो बसलो."

"तुझा?"

"चौघींचो."

सर माझ्याकडे वळले. मीही गळ्याला हात लावला आणि कुजबुजले, "माझाही, सर."

"पेटीचा?" त्यांनी विचारलं.

मला खाली बघावं लागलं. जयराम मात्र पुढे होऊन म्हणाला, "भातो फाटलोहा, सर." त्याला मी काहीच सांगितलं नव्हतं.

सरांनी आम्हा सगळ्यांकडे एकवार पाहिलं. मग सदऱ्याच्या बाह्या किंचित वर सरकवल्या, माइकसमोर गेले, डोळे मिटले.

पहिल्या ओळीला रांगांत चुळबुळ झाली. कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता तो आवाज. दुसऱ्या ओळीला मागून कुणीतरी घातला गळा, बहुधा दहावीच्या मुलांनी. तिसऱ्या ओळीच्या शेवटी सर आपल्या त्या ओसाड जागेत पोचले आणि अख्खी शाळा तटबंदी फोडून आत शिरली. मी मुक्ताकडे बघत होते. तिने आधी मॉनिटरकडे पाहिलं. मॉनिटर स्वतःच मान वर करून ओरडत होता. मग तिनेही तोंड उघडलं. आवाज खरंच फुटका होता. पण त्या गदारोळात तो मला ऐकू आला तो मी कान लावून बसले होते म्हणून. दुसऱ्या कुणाला येणं शक्य नव्हतं.

शाळा भरल्यावर जयराम निरोप घेऊन आला. सरांनी बोलावलंय.

सर टेबलामागे बसून आलेलं टपाल फोडत होते. "बसा. आवाज आला का परत?"

"हो सर," मी खणखणीत म्हणाले, आणि मग जीभ चावली.

त्यांनी एक लिफाफा फोडला, आत पाहिलं, बाजूला ठेवला.

"तुम्ही आलात त्या पहिल्याच आठवड्यात प्रार्थना पार वरून, माडाच्या शेंड्यावरून सुरू केली होतीत," ते म्हणाले. "मग जयराम दोन दिवस माइकची वायर हातात घेऊन आभाळाकडे बघत होता. मग तुम्ही मला परीक्षक केलंत. कुर्डुकरबाई, मी बेसूर आहे. बहिरा नाही."

मी खुर्चीच्या कडेवर अवघडून बसले होते.

"तुम्हाला माहीत होतं सगळं?"

"मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. आमच्या मास्तरांनी मला गाण्याच्या तासाला बाहेर उभं केलं होतं. वर्षभर. म्हणाले, नाबर, तू आत असलास की बाकीचे बिघडतात." हे त्यांनी कुणा तिसऱ्याचा किस्सा सांगावा तसं सांगितलं. "म्हणून इथे हेडमास्तर झालो तेव्हा ठरवलं, प्रार्थनेला पहिला आवाज माझा. माझ्याहून वाईट कुणी गाऊ शकत नाही. पोरांना धीर येतो."

"मग सर, तुम्ही परीक्षक व्हायला हो का म्हणालात?"

"सामंतसाहेबांनी तुम्हाला काय अट घातली होती ते मला ठाऊक होतं. या शाळेत गाण्याचा तास हवा म्हणून मी त्यांच्या किती वर्षं मागे लागलो होतो. तो आला, तुमच्यासारखी शिकवणारी आली, आणि माझ्या गळ्यापायी जागा जायची? म्हटलं, डिसेंबरपर्यंत तोंड मिटू. जागा कायम झाली की निशाण कपाटात टाकू." त्यांनी खण उघडला. केशरी निशाण घडी घालून आत ठेवलेलं होतं. "आज सकाळीच काढून आणलं. मी माइककडे जाणारच होतो. तेवढ्यात तुमचे घसे बसले."

मला हसू फुटलं. ते दाबायचा मी प्रयत्न केला आणि त्यामुळे ते नाकातून बाहेर आलं. सर गंभीरच होते.

"सर, पण माझं कामच सूर शिकवणं आहे. मी काय करू?"

"शिकवा ना. वर्गात शिकवा, माझी काय हरकत आहे? शालनला मोठी गाणारी करा." त्यांनी टपालाचा गठ्ठा सरळ केला. "आणि सकाळी पेटी अगदी माझ्या कानाशी आणून ठेवा. तुम्ही तुमचा पंचम वाजवा, मी माझा लावतो. पोरांनी ज्याच्यामागे जायचं त्याच्यामागे जावं."

"आणि माझ्यामागे आली तर?"

"तर मी तुमच्याकडे पेटी शिकायला बसेन."

दुसऱ्या दिवसापासून पेटी त्यांच्या उजव्या कानाशी आली. आवाज वाढावा म्हणून भात्याला मी नवं कातडं लावून घेतलं, वर्गावर्गांतून पंचम घोटून घेतला, शालनला आणि नंतर तिच्या धाकट्या बहिणीला पहिल्या रांगेत उभं केलं. नाबरसर निवृत्त होईपर्यंत मी ती शर्यत रोज सकाळी लावली आणि प्रत्येक जूनमध्ये मला वाटे, यंदा जमणार.

सरांवर पेटी शिकायची वेळ काही आली नाही.